नाव शोधणाऱ्या ढवळे बाई

ढवळे बाई लेकीच्या बाळंतपणाला जपानला निघाल्या तेव्हा आमच्या स्टाफरूमला एकच काळजी होती, की तिथल्या विमानतळावर डिंकाचे लाडू अडवले तर काय करायचं. लाडू सुखरूप पोचले. बाई मात्र गेल्या तशा परत आल्या नाहीत. जाताना त्या भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, नांदेडच्या तरोड्यात राहणाऱ्या सुलोचना ढवळे होत्या. परत आल्या त्या जुनी जपानी चित्रं वाचणाऱ्या बाई होऊन. 'वाचणाऱ्या' हा शब्द त्यांचाच. चित्र बघतात ते पाहुणे, आपण वाचायचं, असं त्या म्हणत.

ही चित्रं म्हणजे लाकडाच्या फळीवर कोरून, रंग लावून कागदावर छापलेली. एकेका रंगाला एकेक फळी. आपल्याकडे चादरीवर ठसे उमटवतात त्यातलाच प्रकार, पण हात फार बारीक. जुन्या काळी तिकडं ती बाजारात ढिगानं विकली जायची, आणि आता जगभर लोक ती भिंतीवर लावतात. कुणाकडं कुठून आलेली असतात, कुणी काढली ते माहीत नसतं, चित्राचं नाव माहीत नसतं. ते शोधून काढणं हा बाईंचा उद्योग. मराठवाड्यात अशी किती चित्रं निघणार, असं मला आधी वाटायचं. पण माणूस एकदा का अमुक गोष्टीचा जाणकार म्हणून गाजला की ती गोष्ट कुठून कुठून निघून त्याच्या दारी येते. बाईंच्या दारी पंखे आले, उदबत्तीच्या डब्या आल्या, टॉवेल आले, एकाने तर साबणाचं वेष्टन आणलं.

मी त्यांच्याच कॉलेजात गणित शिकवते. मूळची लातूरची. त्यामुळे बाईंनी माझं खरं नाव पहिल्याच महिन्यात टाकून दिलं आणि 'ए लातूर' अशी हाक सुरू केली. बाई उंचीला बेताच्या, साडी कडक इस्त्रीची, आणि जपानहून आल्यापासून त्या साडीखाली पांढरे खेळाचे बूट. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. नकाशातली बारीक गावं वाचायला ते त्या पूर्वीपासून वापरायच्या. चष्म्याची काच तर इतकी जाड, की 'सुलोचना' हे नाव ऐकून नवीन माणूस जरा गडबडायचा. बाई स्वतःच सांगायच्या, "आईबापानं नाव ठेवलं तवा माझे डोळे उघडले नव्हते. त्यांचा काय दोष?"

त्यांना चूक अजिबात खपायची नाही, पण चुकणारा माणूस मनापासून आवडायचा. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आम्ही बाकीचे उलटे. चूक चालते, माणूस नको.

तर जपान. लेक प्रज्ञा आणि जावई दोघंही गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. बाळ झालं, लाडू संपले, थंडी सुरू झाली, आणि बाईंना घरात बसवेना. लेक म्हणाली, आई, एकटी बाहेर जाऊ नको, भाषा येत नाही. बाई म्हणाल्या, मग भाषाच शिकते. तिथं वॉर्डाच्या सभागृहात म्हातारी माणसं परदेशी लोकांना फुकट जपानी शिकवतात. बाई जुन्या साडीच्या झोळीत नातवाला पाठीला बांधून तिकडं जायला लागल्या. त्या वाटेवर जुन्या कागदांचं एक दुकान होतं. दुकानात एक म्हातारी. तिला झोळी आवडली, बाईंना चित्रं आवडली. पुढचे पाच-सहा महिने चहाची वेळ ठरून गेली.

या चित्रांच्या कडेला उभ्या ओळीत काळी अक्षरं असतात. त्यातलं चित्रकाराचं नाव कुठलं, चित्राचं कुठलं, छापून विकणाऱ्याची खूण कुठली आणि सरकारी तपासनिसाची मोहोर कुठली, हे नवख्याला उमगत नाही. बहुतेक लोक सगळ्यात ठसठशीत मोहोर बघतात आणि तोच चित्रकार म्हणून मोकळे होतात. म्हातारीनं एका अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "गा."

बाईंचं माहेर हदगावकडचं. तिकडं माणसाला हाक मारताना 'का गा', 'बस गा' असंच बोलतात. बाईंना वाटलं, म्हातारी आपल्याला बोलावून राहिली. त्या म्हणाल्या, "काय गा?"

म्हातारीनं पुन्हा बोट ठेवलं. "गा."

"हाव गा, पन काय?"

हे बराच वेळ चाललं. शेवटी कळलं ते असं, की 'गा' म्हणजे 'काढलं'. अमक्यानं काढलं, तमक्यानं काढलं. आणि ते अक्षर दिसतं कसं, तर वरती एक आडवी रेघ, खाली चौकोन, चौकोनात उभी-आडवी रेघ, आणि त्या चौकोनाला तिन्ही बाजूंनी बांध. बाई म्हणाल्या, "हे तर वावर हाय." वावर म्हणजे शेत.

तिथून त्यांची पद्धत ठरली. आधी वावर शोधायचं. वावर सापडलं की त्याच्या वरती धन्याचं नाव. धनी मिळाला की गाव, म्हणजे कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलेलं चित्राचं नाव. काही चित्रकार 'काढलं' न लिहिता नुसता 'कुंचला' असं लिहितात. त्यांना बाई भूमिहीन म्हणत. आमच्या कॉलेजातल्या चित्रकलेच्या सरांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला, पण आठवडाभरात तेही 'बाई, हा भूमिहीन दिसतोय' असं म्हणायला लागले.

शोधलेलं सगळं बाई पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून चौकटीच्या पाठीमागं चिकटवायच्या. धनी अमुक, गाव अमुक, विकणारा अमुक. एखादी गोष्ट सापडली नाही तर तिथं स्वच्छ अक्षरात 'माहीत नाही' असं लिहायच्या. रिकामं सोडायच्या नाहीत आणि अंदाजपंचे तर मुळीच लिहायच्या नाहीत. "अगं लातूर," त्या मला म्हणाल्या होत्या, "माणूस मेला, त्याचे हात गेले, फळ्या गेल्या. उरलं काय, तर नाव. ते बी आपण दुसऱ्याचं लावायचं म्हंजे लई झालं."

आता त्यांचा स्वभाव कसा, ते सांगते. आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक चायनीजची गाडी होती, तिचं पुढं हॉटेल झालं. मालकाने मागच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लावला. त्यात मासा घेऊन उभा असलेला एक जपानी कोळी. बाई माझ्या स्कूटरवर मागं बसलेल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर असा चिमटा काढला की मी ब्रेकच दाबला.

आत जाऊन त्यांनी पर्समधला आरसा काढला, भिंतीकडं पाठ केली आणि आरशात बघून चित्रकाराचं नाव वाचलं. मालक बघतच राहिला.

"मॅडम, काय झालं?"

"हे चायनीज न्हाई बाबा. जपानी हाय. अन् छापणाऱ्यानं आरशातलं छापलंय. अक्षरं सगळी पालटून गेली."

"चायनीजमदी अक्षरं कशी बी असत्यात, मॅडम. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"गिऱ्हाइकाला न्हाई कळत. ज्यानं काढलं त्याला कळतंय न."

"तो कुठं येऊन राहिला नांदेडला?"

यावर बाई हसल्या, नूडल्स मागवले, वरून हिरवी मिरची मागितली आणि खाऊन निघाल्या. पंधरा दिवसांनी मालकाने स्वतः हाक मारून आम्हाला आत नेलं. फ्लेक्स तसाच. पण समोरच्या भिंतीवर त्यानं पूर्ण रुंदीचा आरसा बसवला होता. "आता गिऱ्हाईक आरशाकडं तोंड करून बसतंय, मॅडम. सगळं बरोब्बर दिसतंय." बाईंनी आरशात बघून अक्षरं एकेक करून तपासली आणि पास केलं. तो माणूस त्यांच्याकडून परीक्षा पास झाल्यासारखा आनंदला.

दुसरी गंमत लातूरची. तिथल्या एका डॉक्टरांनी बाईंचं नाव ऐकून आम्हाला मुद्दाम जेवायला बोलावलं. त्यांच्या दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत बर्फातल्या देवळाचं चित्र. डॉक्टर पाहुण्यांना दाखवायचे, की ही अस्सल जुनी प्रत, आणि ही बघा खाली उजवीकडे चित्रकाराची सही. बाईंनी भिंग लावलं. सहीवर लावलं, मग आभाळावर लावलं, मग परत सहीवर. डॉक्टरांच्या हातात ताट तसंच.

"काय नाव आहे, बाई, चित्रकाराचं?"

"ऑक्टोबर," बाई म्हणाल्या.

चित्र कॅलेंडरचं पान होतं. ज्याला डॉक्टर सही समजत होते ती दोन अक्षरं महिन्याचं नाव सांगत होती. डॉक्टरांची बायको पदराआड तोंड करून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं हसू ऐकू आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मूळ चित्र कुणाचं, त्याचं नाव काय, हे सगळं शोधून चिठ्ठी लिहिली आणि शेवटी लिहिलं, 'प्रत कॅलेंडरवरची, पण निवड उत्तम'. डॉक्टर दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवसापासून हीच गोष्ट येईल त्या पेशंटला सांगायला लागले.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना शोभाचा फोन आला.

शोभा बिरादार ही माझी लातूरच्या कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील माधवराव बिरादार निलंग्याजवळच्या एका गावात शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडा बांधायला देशोदेशीची माणसं आली होती, त्यात एक म्हातारा जपानी होता. गुरुजी त्या शेडमध्ये पोरांना कागद-रंग देऊन बसवायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोस्ती झाली. जाताना त्या माणसाने गुरुजींना एक चित्र दिलं. नदी, काठावर झाडं, आणि पाण्यात एक नाव उभी, नावाडी वाटेकडं बघतोय.

गुरुजींनी ते शाळेतल्या वर्गात लावलं. आणि दरवर्षी नव्या पोरांना सांगायला लागले, की जपानच्या एका थोर चित्रकाराने हे चित्र खास माझ्यासाठी काढलं आणि त्यात माझं नाव घातलं. शोधा म्हणायचे. सापडलं तर माझा सगळ्यात चांगला ब्रश तुमचा. पोरांच्या तुकड्यांमागून तुकड्या गेल्या, कुणाला काही सापडलं नाही, आणि गुरुजींनी कुणाला सांगितलं नाही. निवृत्त होताना शाळेने चित्र त्यांना घरी दिलं.

मग गुरुजींना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून एखाद-दुसरा शब्द अर्धामुर्धा यायचा. त्यातच एका हुशार माजी विद्यार्थ्यानं त्या चित्राचा फोटो मोबाईलवर टाकून शोधलं. परदेशातल्या एका संग्रहालयात हुबेहूब तेच चित्र निघालं. काढणारा चित्रकार भूकंपाच्या शंभरेक वर्षं आधीच वारलेला. शाळेच्या ग्रुपवर ही बातमी पडली आणि थट्टेला ऊत आला. कुणीतरी लिहिलं, 'गुरुजी म्हणायचे चित्रात माझं नाव आहे. नाव नाही हो, नुसती नाव आहे.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शोभाने ते वडिलांच्या खोलीत बसून वाचलं, आणि तिच्या तोंडाकडं बघून गुरुजींनी फोन मागितला. चष्मा लावून सगळं वाचलं.

"आबांनी दुसऱ्या दिवशी चित्र उलटं करायला लावलं," शोभा फोनवर म्हणाली. "हातानं सारखी खूण करतेत, 'उलटं, उलटं' म्हणतेत. तेवढाच शब्द स्पष्ट येतोय. मी भिंतीकडं तोंड करून लावलं. तरी समाधान न्हाई. जेवण कमी केलंय. जन्मभर इमानानं शिकवलं ग त्यांनी, अन् शेवटी थापाड्या ठरले. आपली बाजू मांडायला तोंड बी न्हाई. तुझ्या त्या बाई काही करतील का?"

मी बाईंना सांगितलं. त्यांनी आधी फोटो मागवला. बघितला, भिंग लावून परत बघितला.

"चित्र त्याच जुन्या माणसाचं हाय," त्या म्हणाल्या. "वावर स्पष्ट हाय, धनी स्पष्ट हाय. ग्रुपवरच्या पोरानं शोधलं ते खरं हाय."

त्या चित्रकाराला बाई 'नाववाला' म्हणायच्या, कारण त्याच्या प्रत्येक चित्रात कुठंतरी नाव असतेच. त्याचं खरं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही, आणि चुकीचं लिहिलेलं बाईंना चालायचं नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

मी म्हणाले, "बाई, म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे. तुम्ही तिथं जाऊन नुसतं म्हणा, की हो, नाव आहे. तुमच्यावर सगळे विश्वास ठेवतील. कुणाला जपानी येतंय तिथं?"

बाईंनी चष्मा काढला. त्यांना राग आला की त्या चष्मा काढायच्या, म्हणजे समोरचा दिसायला नको.

"कुणाला येत न्हाई म्हनूनच म्हणता येत न्हाई, लातूर. मी एकदा खोटं सांगितलं की माझ्या समद्या चिठ्ठ्या खोट्या. त्या डॉक्टराला मी ऑक्टोबर म्हणले ते उगं का?"

मी चिडले. सरळ सांगते, मला त्या दिवशी बाई फार निष्ठुर वाटल्या. एवढी माया करणारी बाई, आणि कागदावरच्या अक्षरापायी एका आजारी माणसाचं मन राखेना. मी चहा न पिता निघाले.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन. संग्रहालयातल्या आणि गुरुजींच्या चित्राचे फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यांनी भिंगाने वीत-वीत तपासलं होतं. सगळं जुळत होतं, एक सोडून. गुरुजींच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात, आभाळात, एक लहान चौकोनी लाल मोहोर होती. संग्रहालयाच्या चित्रात ती नव्हती.

"कुण्या जुन्या मालकाची असंल," बाई म्हणाल्या. "तिकडं शौकीन लोक आपल्या चित्रावर आपली मोहोर मारतात."

मग त्या मोहोरेच्या मागं लागल्या. लेकीला जपानात पिडलं, तिनं त्या दुकानवाल्या म्हातारीला फोटो दाखवला, म्हातारीनं जुन्या मालकांच्या मोहोरांची पुस्तकं चाळली. कुणालाच ती अक्षरं लागेनात. म्हातारीचा निरोप आला, की हे जपानी नसावं, चिनीही नसावं, कदाचित अक्षरंच नसावीत, गवत असावं. बाईंनी चिठ्ठी तयार केली. धनी लिहिला, विकणारा लिहिला. गावाच्या जागी चित्राचं नाव: 'शेवटच्या उतारूसाठी थांबलेली नाव'. आणि मोहोर? 'माहीत नाही.'

"ही चिठ्ठी घेऊन जायची?" मी विचारलं.

"हाव. अन् गुरुजींना भेटायचं. चित्र फोटोत वाचून होत न्हाई, हातात घ्यावं लागतंय."

एसटीने आम्ही नांदेडहून लातूरला आणि लातूरहून निलंग्याला गेलो. शोभा न्यायला आली होती. वाटेत बाईंनी तिला सगळं खरं सांगून टाकलं. शोभा रडली नाही. चिठ्ठी दोनदा वाचून तिनं बाईंना परत दिली.

गुरुजी खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. अंगाने वाळलेले, पण दाढी घोटून केलेली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत. समोरच्या भिंतीवर चौकटीची पाठ. पिवळा पुठ्ठा आणि खिळे. बाईंनी नमस्कार केला, खुर्ची ओढली आणि सांगितलं, की मी नांदेडची, चित्रं वाचते. गुरुजींच्या डोळ्यांत एकदम चमक आली. डावा हात उचलून ते भिंतीकडं दाखवायला लागले. "उ... उलटं. उलटं."

"बघा, हेच," शोभा म्हणाली. "आता अजून किती उलटं करायचं, आबा? तोंड भिंतीकडंच हाय त्याचं."

गुरुजींनी मान जोरात हलवली. नाही, नाही. परत हात उचलला, पंजा उभा धरला आणि मनगटातून गर्रकन फिरवला. बोटं वर होती ती खाली आली.

बाई त्या हाताकडं बघत राहिल्या. मग उठल्या, चित्र भिंतीवरून काढलं आणि तोंड समोर करून गुरुजींच्या मांडीवर ठेवलं. गुरुजींनी एकाच हाताने चौकट धरली आणि ओढत, घसटत, ती फिरवायला लागले. शोभा मदतीला वाकली तर बाईंनी तिचा हात धरला. "त्यांना करू द्या." चौकट वाकडी झाली, पलंगाला अडकली, निघाली, आणि शेवटी आभाळ खाली आलं, नदी वर गेली. नाव डोक्यावर उलटी लटकली. आणि ती लाल मोहोर खालच्या कोपऱ्यात, गुरुजींच्या बोटाशी आली.

मी शोभाच्या शेजारी उभी होते. तिनं खाली बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ही तर आबांची सही."

गुरुजी निजामाच्या राज्यात पहिल्या इयत्ता शिकले, म्हणजे उर्दूत. पुढं सगळं मराठीत झालं, पण सही त्यांनी जन्मभर उर्दूतच केली. पोरांच्या प्रत्येक चित्राखाली, शोभाच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तीच सही. गावातल्या सगळ्यांनी ती शेकडो वेळा पाहिलेली. चित्रात नाव शोधणारे कुणी मराठी अक्षरं शोधत होते, कुणी जपानी. आणि सही मारली होती उलटी.

गुरुजींनी बोट उजवीकडून डावीकडं नेलं. "मा... ध... व."

बाईंनी भिंग लावलं. बराच वेळ मोहोरेच्या कडा बघितल्या. मग त्या हसायला लागल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "खोडरबर हाय हे. लाकूड न्हाई. प्रज्ञाच्या शेजारची लेकरं अशीच खोडरबरावर नावं कोरायची. त्या माणसानं तुमची सही बघून तशीच कोरली, गुरुजी. त्याला उर्दू येत नव्हती, कुठली बाजू वर, ते त्याला कसं कळावं? मारून दिली तशीच. अन् मी ह्या सहीला जपानात धुंडाळून राहिले होते. इथं निलंग्यात बसून बघायचं होतं."

मला वाटलं, झालं, आता सगळं गोड. पण बाई बाईच. त्यांनी डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि गुरुजींच्या समोर बसल्या.

"गुरुजी, नाव तुमचं हाय. ते मी समद्यांना सांगीन. पण चित्र तुमच्यासाठी काढलेलं न्हाई. ते लई जुन्या माणसाचं हाय. कबूल?"

गुरुजींनी मोहोरेवरचं बोट उचललं. मग तोंडाच्या चालत्या बाजूने हसले. "हाय," म्हणाले. म्हणजे कबूल.

"अन् देणारा थोर चित्रकार होता, का अजून कोण?"

गुरुजींनी विचार केला. डावा हात हवेत मागं-पुढं केला, करवत चालवावी तसा.

"सुतार?"

"हाय."

"इतकी वर्सं आम्हाला थोर चित्रकार म्हनून सांगितलंत की, आबा," शोभा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याची लाज होती आणि त्याच्या कितीतरी पट सुटल्याचा आनंद. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

बाईंनी तिथंच जुनी चिठ्ठी दुरुस्त केली. 'मोहोर' या शब्दापुढचं 'माहीत नाही' काढून लिहिलं, 'माधव बिरादार, कलाशिक्षक. कोरणारा: एक जपानी सुतार, नाव माहीत नाही.' मग मला म्हणाल्या, "लातूर, ग्रुपवर टाकायला फोटो काढ. आधी चित्र सुलट, मग उलट. समदेच गुरुजींचा ब्रश हरलेत म्हनावं." मी फोटो शोभाकडं पाठवला. तिनं ग्रुपवर टाकला तसा गुरुजींनी फोन हातात घेऊन ठेवला. पहिला 'माफ करा गुरुजी' कुणाचा आला माहीत आहे? त्याच नाव-नाव करणाऱ्याचा. त्याने लिहिलं होतं, की दहावीला तुम्ही माझ्या चित्रावर हीच सही केली होती, ती मी उलटी करून बघायला हवी होती.

शोभाने मग जेवायला वाढलं. गुरुजींनी भाकरी कुस्करून दुधात घेतली आणि पुन्हा मागितली.

निघायच्या आधी चित्र लावायचं राहिलं होतं. शोभाने ते उचललं आणि नाव पाण्यात येईल अशी धरून खिळ्याकडं निघाली. पलंगावरून आवाज आला, "उलटं."

शोभा थांबली. बाईंकडं बघायला लागली. चित्रातली एक रेघ इकडची तिकडं झालेली या बाईला चालत नाही, हे तिलाही एव्हाना कळलं होतं. मी म्हणाले, "गुरुजी, नदी आभाळात जाईल हो."

बाईंनी शोभाच्या हातून चौकट घेतली. हातोडी मागितली. चौकटीच्या मागच्या लाकडी पट्टीवर, खालच्या बाजूला दोन खिळे ठोकले, त्याला सुतळी बांधली. मग स्टुलावर चढल्या, साडी एका हाताने सावरत, ते पांढरे बूट घालूनच. चित्र उलटं टांगलं. नाववाल्याची नाव डोक्यावर झाली, नावाडी खाली डोकं करून वाट बघायला लागला, आणि लाल मोहोर सुलटी.

"बाई, लोक म्हणतील उलटं लावलंय," शोभा म्हणाली.

"म्हणू देत. म्हणायला तरी आत येतील."

पुढच्याच आठवड्यात बाई लेकीकडं जपानला गेल्या. दुसऱ्या नातवासाठी म्हणून गेल्या आणि तिकडंच राहिल्या. फोन येतो. पण त्या दिवशी मी आठवडाभरासाठी शोभाकडंच राहिले आणि बाई एकट्या एसटीने परतल्या, त्यामुळे मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. स्टुलावरून उतरल्या, हात झटकले, पलंगाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी आणि शोभा माना वाकड्या करून चित्र बघत होतो. बाई आणि गुरुजी मात्र ताठ मानेने, समोर बघत होते.

"बरोबर लागलंय," बाई म्हणाल्या.

"हाय," गुरुजी म्हणाले.